रटगर्स, कॉर्नेल की छोटं कॉलेज : एडिसनमधल्या एका प्री-मेड निवडीचा अभ्यास

न्यू जर्सीतल्या एडिसन-पिस्कॅटवे पट्ट्यातल्या मराठी घरांत दर एप्रिलमध्ये हा प्रश्न पडतो: मुलीला डॉक्टर व्हायचंय (अमेरिकेत मेडिकल स्कूल पदवीनंतर असतं, आणि पदवी करताना त्याच्या तयारीला प्री-मेड म्हणतात), तीन कॉलेजांची पत्रं हातात आहेत, १ मेपर्यंत एका ठिकाणी पैसे भरायचेत, तर कुठे? इथे मांडलेलं कुटुंब कल्पित आहे, अशा अनेक घरांच्या परिस्थितीवरून बेतलेलं. नियम, संस्था आणि प्रवेशाची पद्धत मात्र खरी आहे. खर्चाचे आकडे ठोकळ आहेत.

मुलगी अमेरिकन नागरिक, बारावीत, २०२६ च्या ऑगस्टमध्ये कॉलेजात जाणार. एपी (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज-पातळीच्या परीक्षा) बायोलॉजी, केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस बीसीमध्ये ५ पैकी ५ गुण अपेक्षित. आई-बाबा दोघंही नोकरी करतात, त्यामुळे गरजेवर आधारित मदत जवळपास शून्य. ५२९ खात्यात (शिक्षणासाठीची करसवलतीची बचत) १,४०,००० डॉलर आहेत आणि पगारातून वर्षाला २०,००० काढता येतात. तिने टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) आणि न्यू जर्सी मेडिकल स्कूलच्या सात वर्षांच्या जोड-अभ्यासक्रमासाठी अर्ज केला होता. मुलाखतीपर्यंत गेली, जागा मिळाली नाही. आता समोर आहेत: रटगर्स-न्यू ब्रन्सविक, वर्षाला १०,००० च्या गुणवत्ता शिष्यवृत्तीसह, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकातलं कॉर्नेल, पूर्ण खर्चाने, आणि पेनसिल्व्हेनियातलं एक छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज, जे ‘आमच्या प्री-मेडपैकी ९० टक्के मुलं मेडिकलला लागतात’ असं सांगतं.

घरात मतं विभागलेली. बाबांना वाटतं, सात वर्षांचा कार्यक्रम हुकला तर निदान कॉर्नेलसारखं आयव्ही लीगचं नाव तरी पाठीशी असावं. आईला छोट्या कॉलेजाचे ९० टक्के भुरळ घालतात. पुण्याहून आजोबा फोनवर म्हणतात, ‘एवढे पैसे ओतण्यापेक्षा इकडे एनआरआय कोट्यातून एमबीबीएसच करू दे.’ आणि मुलीला घराजवळचं रटगर्स म्हणजे शाळेचं पुढचं वर्ष वाटतं, कारण तिच्या वर्गातली निम्मी मुलं तिथेच चालली आहेत.

हा गुंता सोडवताना कॉलेजापासून सुरुवात केली की वाद संपत नाही. शेवटापासून मागे यावं. सलग चार वर्षांनी मेडिकलला जायचं असेल, तर तिला २०२९ च्या जूनमध्ये, म्हणजे तिसरं वर्ष संपताच, ॲमकॅसवर (मेडिकल स्कूलांच्या एकत्रित अर्जाची सेवा) अर्ज करावा लागेल. त्या दिवशी फाइलमध्ये काय असेल? प्रत्येक विषयाची ग्रेड, एमकॅट या प्रवेशपरीक्षेचा गुणांक, प्राध्यापकांची शिफारसपत्रं, जास्तीत जास्त १५ अनुभव (त्यातले तीन सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडायचे) आणि ५,३०० अक्षरांचं निवेदन. कॉलेजाचं नाव त्या फाइलच्या एका ओळीत असतं. म्हणून प्रत्येक कॉलेजाबद्दल एकच विचारायचं: इथे राहून जून २०२९ ची ही फाइल किती भक्कम होईल, आणि त्यानंतर हातात किती पैसे उरतील?

अलीकडच्या प्रवेशफेऱ्यांत एमडी (अमेरिकेतली मूळ वैद्यकीय पदवी) अभ्यासक्रमांसाठी दरवर्षी साधारण ५२,००० जण अर्ज करतात आणि सुमारे २३,००० जणांना प्रवेश मिळतो. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी) ३.७७ ते ३.७९ च्या घरात, आणि एमकॅट ५२८ पैकी ५११-५१२. मेडिकल स्कूलांची संघटना एएएमसी दरवर्षी जीपीए आणि एमकॅटचा एक तक्ता प्रसिद्ध करते. त्यात एमकॅटचा एकच रकाना धरून जीपीएच्या दोन ओळी खाली उतरा, प्रवेशाची टक्केवारी ठळकपणे घसरते. त्या तक्त्यात कॉलेजाच्या नावाचा रकाना नाही. नाव अगदीच बिनकामाचं असतं असं नाही, पण ते ३.४ चं ३.८ करत नाही.

आता ग्रेडचा हिशोब जवळून पाहू, कारण प्री-मेड मुलं सर्वांत जास्त इथेच गळतात. समजा पहिल्या सत्रात १५ क्रेडिट घेतली. हौसेने केमिस्ट्री, बायोलॉजी आणि फिजिक्स एकदम लावलं, शिवाय तीन क्लब आणि नृत्याचा संघ. सत्राचा जीपीए आला २.९. तिसऱ्या वर्षाअखेर ९० क्रेडिटवर ३.७५ हवा असेल, तर उरलेल्या ७५ क्रेडिटवर सरासरी ३.९२ लागते. म्हणजे पुढची पाच सत्रं जवळपास सगळीकडे ए. ॲमकॅसमध्ये नापास किंवा कमी ग्रेडचा विषय पुन्हा केला तरी दोन्ही ग्रेड मोजल्या जातात, जुनी पुसली जात नाही. ए-प्लसलाही ४.० च मिळतात. त्यातून बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा जीपीए वेगळा काढला जातो, आणि पहिल्या वर्षीचे धक्के नेमके त्याच विषयांत बसतात. त्यामुळे पहिली दोन सत्रं कुठे शांतपणे काढता येतील, हा निवडीतला सर्वांत वजनदार मुद्दा आहे. तो मागे ठेवून वसतिगृहाच्या खोल्या आणि कॅम्पसचे फोटो बघत बसू नये.

या कसोटीवर कॉर्नेल आणि रटगर्समध्ये बाबांना वाटतो तेवढा फरक नाही. दोन्हीकडे पहिल्या वर्षीचं जनरल केमिस्ट्री शेकडो मुलांच्या सभागृहात होतं. कॉर्नेलमध्ये शेजारी बसलेले बहुतेक जण आपापल्या शाळेत वरच्या क्रमांकांत आलेले असतात आणि अनेक विषयांत ग्रेड वर्गाच्या सरासरीशी बांधलेली असते. संशोधनाच्या सोयी तिथे उत्तम आहेत, यात शंका नाही. पण एक गैरसमज दूर करायला हवा. वाईल कॉर्नेल हे मेडिकल स्कूल इथाकात नाही, मॅनहॅटनमध्ये आहे, साडेतीनशे किलोमीटरवर. इथाका लहान गाव आहे. तिथल्या रुग्णालयात स्वयंसेवकाच्या आणि शॅडोइंगच्या (डॉक्टरांसोबत राहून काम पाहण्याच्या) जागा मोजक्या, आणि त्या मागणारी प्री-मेड मुलं भरपूर.

रटगर्सचं बलस्थान नेमकं इथेच आहे. रॉबर्ट वुड जॉन्सन युनिव्हर्सिटी हॉस्पिटल आणि सेंट पीटर्स ही दोन्ही रुग्णालयं न्यू ब्रन्सविकमध्येच. रॉबर्ट वुड जॉन्सन मेडिकल स्कूलचा एक भाग पिस्कॅटवेला रटगर्सच्या बुश कॅम्पसला लागून आहे, आणि विज्ञानाचे बहुतेक वर्गही बुशवरच भरतात. पदवीच्या मुलांना प्रयोगशाळेशी जोडून देणारं अरेस्टी रिसर्च सेंटर आहे. डग्लस रेसिडेन्शियल कॉलेजात नाव घातलं तर विज्ञानातल्या मुलींसाठीचा प्रोजेक्ट सुपर खुला होतो. ज्यांना हे माहीत नसतं, ती मुलं चार वर्षं ‘रटगर्समध्ये कोणी विचारत नाही’ म्हणत काढतात. ते अर्धं खरं आहे. तिथे कोणी आपणहून विचारायला येत नाही, अर्ज करावा लागतो, तोही पहिल्या वर्षाच्या वसंतातच.

रटगर्सच्या अडचणीही खऱ्या आहेत. कॅम्पस पाच तुकड्यांत विखुरलेला, मध्ये रॅरिटन नदी आणि बसची वाट पाहणं. वेळापत्रक लावताना बुशवरचा वर्ग संपून वीस मिनिटांत कॉलेज ॲव्हेन्यूवर दुसरा वर्ग धरला, की एक तरी व्याख्यान रोज उशिरा. दुसरी अडचण पत्रांची. मेडिकल स्कूलं साधारण दोन विज्ञानाच्या आणि एका विज्ञानेतर प्राध्यापकाचं पत्र मागतात. चारशे मुलांच्या वर्गातल्या प्राध्यापकाकडे तिसऱ्या वर्षी जाऊन पत्र मागितलं, तर तो ग्रेड बघून चार ओळी लिहील. अशा पत्राने कोणाचं भलं होत नाही. उपाय असा: दर सत्रात एकच प्राध्यापक निवडायचा, त्याच्या ऑफिस अवर्सना दोन आठवड्यांतून एकदा जायचं, आणि जाताना सोडवून न सुटलेला नेमका प्रश्न न्यायचा. पुढच्या वर्षी त्याच विषयात शिकवणी साहाय्यक किंवा गटप्रमुख व्हायचं. अशा प्राध्यापकाकडे तुमच्याबद्दल लिहायला काहीतरी असतं.

छोट्या कॉलेजात हा प्रश्न जवळपास नसतो. पंचवीस मुलांचा वर्ग, प्राध्यापकाला नाव माहीत, प्रयोगशाळेत शिकवणारा तोच. ही मोठी जमेची बाजू आहे आणि बुजऱ्या मुलीसाठी ती निर्णायक ठरू शकते. फक्त त्या ९० टक्क्यांवर जाऊ नये. आईने प्रवेश कार्यालयाला ईमेल करून हे विचारावं: हे नव्वद टक्के कशाचे? पहिल्या वर्षी ‘प्री-मेड’ म्हणून आलेल्या सगळ्यांचे, की शेवटी अर्ज केलेल्यांचे? कॉलेजाची समिती स्वतःचं शिफारसपत्र देते का, आणि किती जीपीएखाली ते नाकारते? त्यात ऑस्टिओपॅथिक (एमडीऐवजी डीओ पदवी देणारी), डेंटल आणि कॅरिबियनमधली कॉलेजं धरली आहेत का? दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात लागलेले मोजले आहेत का? समजा १०० मुलं प्री-मेड म्हणून आली, दोन वर्षांत ५० गळाली, ३.५ खालच्या २० जणांना समितीने पत्र दिलं नाही, उरलेल्या ३० पैकी २७ लागली, तरी जाहिरातीत ‘९० टक्के’ खरंच राहतं. समितीचं पत्र न मिळालेल्या मुलाला अर्ज करता येतो, पण आपल्याच कॉलेजाने पत्र का दिलं नाही याचं उत्तर द्यावं लागतं. उत्तरात स्पष्ट आकडे आले तर कॉलेज चांगलं. ‘आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला वैयक्तिक मार्गदर्शन करतो’ एवढंच आलं, तर समजून जावं.

पैशांचा हिशोब

इथे २०२५ मध्ये चित्र पालटलं, आणि अनेक घरांना ते अजून कळलेलं नाही. पूर्वी मेडिकलचा खर्च कितीही असला तरी ग्रॅड प्लस या सरकारी कर्जातून पूर्ण भागत असे. त्यामुळे ‘आत्ता नावाचं कॉलेज करू, मेडिकलला कर्ज आहेच’ हा विचार निदान शक्य तरी होता. ४ जुलै २०२५ ला झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस बंद. वैद्यकीय विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर. पालकांच्या पेरेंट प्लसलाही मर्यादा आली: एका मुलामागे वर्षाला २०,०००, एकूण ६५,०००. सरकारी मेडिकल स्कूलचा राहण्या-खाण्यासह चार वर्षांचा खर्च आज पावणेतीन ते तीन लाखांच्या आसपास आहे, खासगीचा त्याहून बराच वर. म्हणजे स्वस्तातल्या वाटेनेही लाखभर डॉलर घरचे किंवा खासगी कर्जाचे लागणार.

आता तिन्ही कॉलेजं या चौकटीत ठेवू. दरवर्षीची शुल्कवाढ सोपेपणासाठी धरलेली नाही. रटगर्स वसतिगृहासह साधारण ३८,०००, शिष्यवृत्ती वजा जाता २८,०००, चार वर्षांचे १,१२,०००. पगारातून ८०,००० आले की ५२९ मधून फक्त ३२,००० जातात आणि १,०८,००० मेडिकलसाठी उरतात. ५२९ चे पैसे मेडिकलच्या शुल्कालाही चालतात, म्हणजे वरचं लाखाचं खिंडार जवळपास तिथेच भरलं. छोटं कॉलेज सवलतीनंतर ४५,००० ला पडतं, चार वर्षांचे १,८०,०००, उरतात ४०,०००. कॉर्नेल ९२,००० धरलं तर ३,६८,०००. पगार आणि अख्खं ५२९ मिळून २,२०,००० होतात आणि १,४८,००० कमी पडतात. मुलीच्या नावावरचं पदवीचं सरकारी कर्ज चार वर्षांत जास्तीत जास्त २७,०००, पेरेंट प्लस ६५,०००. तरी ५६,००० चं खासगी कर्ज उरतं, आणि मेडिकलला निघताना खातं रिकामं.

कॉर्नेल इथेच बाद होतं. कॉर्नेल वाईट म्हणून नव्हे. या घराला ते मेडिकलच्या पैशांतून विकत घ्यावं लागतं म्हणून. उत्पन्न कमी असतं आणि कॉर्नेलने मोठी मदत दिली असती, तर हाच हिशोब उलटाही बसला असता. काही घरं इथे म्हणतात की न्यूयॉर्कचं एनवाययू आणि आइन्स्टाइन आता शुल्क घेत नाहीत, मग चिंता कसली. त्या जागांसाठी देशभरातले सर्वांत वरचे अर्जदार झगडतात. त्यावर घराचं अंदाजपत्रक उभारू नये.

रहिवासी दर्जाबद्दलही बोलून घेऊ. न्यू जर्सीची सरकारी मेडिकल स्कूलं राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात. मुलगी पेनसिल्व्हेनियात शिकली तरी घर एडिसनला असल्याने ती न्यू जर्सीचीच राहते, म्हणून हा मुद्दा कोणत्याही कॉलेजाच्या बाजूने किंवा विरुद्ध जात नाही. आणि रटगर्समध्ये पदवी घेतली म्हणून रटगर्सच्या मेडिकल स्कूलमध्ये जागा राखीव असते, असंही नाही.

आजोबांच्या सूचनेला मात्र नीट उत्तर द्यायला हवं, कारण ती प्रेमाने आणि बऱ्याच अंशी विचारपूर्वक केलेली असते. मुलगी अमेरिकन नागरिक, म्हणजे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड. २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय विद्यार्थ्यांना एनआरआय जागांवरच प्रवेश मिळतो. त्यासाठी ‘नीट’ ही भारतातली प्रवेशपरीक्षा द्यावीच लागते, आणि बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही असावे लागतात. या मुलीने बारावीच्या पातळीचं फिजिक्स घेतलेलंच नाही. साडेपाच वर्षांनी अमेरिकेत परतायचं तर यूएसएमएलई ही परवाना परीक्षा आणि ईसीएफएमजीचं (परदेशी वैद्यकीय पदवी तपासणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र. २०२४ च्या रेसिडेन्सी मॅचमध्ये (पदवीनंतरच्या रुग्णालयीन प्रशिक्षणाचं जागावाटप) अमेरिकन एमडीच्या अंतिम वर्षातल्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली, परदेशात शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी ६७ टक्क्यांना. यूएसएमएलईचा पहिला टप्पा, स्टेप वन, २०२२ पासून फक्त पास-नापास झाल्याने, तिथे भरघोस गुण मिळवून उठून दिसण्याची जुनी वाटही बंद झाली. ज्या मुलीला भारतातच डॉक्टरकी करायची आहे, तिच्यासाठी हा मार्ग योग्य. एडिसनला परत यायचं असेल तर तो लांबचा आहे.

आणि ज्या घरात मुलगी एच-४ वर (एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आहे, तिथे वरचा सगळा हिशोब लागू होत नाही. सरकारी कर्ज नाही, अनेक मेडिकल स्कूलं नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांशिवाय अर्जच घेत नाहीत, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी एच-४ संपून एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. तो एकविसावा वाढदिवस बहुधा पदवीच्या तिसऱ्या वर्षात, ऐन अर्जाच्या तोंडावर येतो. अशा घरांनी दहावीतच इमिग्रेशन वकिलाशी बोलावं. कॉलेजाच्या निवडीचा विचार त्यानंतर.

आमच्या मते या मुलीसाठी रटगर्स, एका अटीवर: पहिली दोन वर्षं वसतिगृहात राहून. एडिसन स्टेशनवरून न्यू ब्रन्सविक पुढचंच स्टेशन आहे, घरून ये-जा केली तर वर्षाला चौदा-पंधरा हजार वाचतात. हा मोह मोठा असतो. पण रात्रीचे अभ्यासगट, प्रयोगशाळेतले तास आणि ‘शाळेचं पुढचं वर्ष’ ही मुलीची भावना, तिन्हीचा निकाल वसतिगृहातच लागतो. तिसऱ्या वर्षापासून घरी यावं. एमकॅटच्या अभ्यासाला आईच्या हातचं जेवण आणि दार लावता येईल अशी खोली, दोन्ही उपयोगी पडतात.

तीन वर्षांची मांडणी

मुख्य विषय कोणताही चालतो, ‘प्री-मेड’ नावाची पदवी नसते. या मुलीला आकडेवारीची आवड आहे, म्हणून रटगर्सच्या ब्लूस्टीन स्कूलचं पब्लिक हेल्थ तिला साजेसं. कॅल्क्युलसचं एपी क्रेडिट घेऊन टाकावं आणि पुढे संख्याशास्त्र करावं. केमिस्ट्रीचं एपी क्रेडिट सोडून द्यावं आणि विषय कॉलेजात नव्याने करावा: अनेक मेडिकल स्कूलं एपीवर सूट घेतलेल्या विज्ञानाच्या जागी त्याच विभागातला वरचा विषय मागतात, आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीला पाया लागतोच. एकाच विषयाचं क्रेडिट दोनदा मिळत नाही, त्यामुळे हे पहिल्या आठवड्यातच सल्लागाराशी बोलून नोंदवून घ्यावं.

पहिलं वर्ष: जनरल केमिस्ट्री, बायोलॉजी, लेखनाचा वर्ग, सोशिऑलॉजी. पहिल्या सत्रात नोकरी आणि संशोधन नाही, एकच क्लब. दुसरं वर्ष: ऑरगॅनिक आणि फिजिक्स, दोन्ही प्रयोगशाळेसह, सोबत पब्लिक हेल्थचे हलके वर्ग. फिजिक्स तिसऱ्या वर्षावर ढकलण्याची चूक फार होते. मग दुसरा भाग मे महिन्यात संपतो आणि एमकॅट एप्रिलमध्ये, न शिकलेल्या धड्यांसह. उन्हाळ्यात एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात स्वस्तात फिजिक्स करता येतं, पण त्या ग्रेडही ॲमकॅसमध्ये मोजल्या जातात आणि काही मेडिकल स्कूलांना मूळ विज्ञान विषय कम्युनिटी कॉलेजात केलेले रुचत नाहीत. एखादा विषय चालेल, सवय नको. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात बायोकेमिस्ट्री आणि सायकॉलॉजी, हिवाळ्याच्या सुट्टीपासून एमकॅटचा अभ्यास, एप्रिलमध्ये परीक्षा. साडेसात तासांचा दिवस असतो तो. आठ-दहा पूर्ण सराव परीक्षा दिल्याशिवाय बसू नये, कारण नंतर मिळालेला प्रत्येक गुणांक मेडिकल स्कूलांना दिसतो.

रुग्णांशी संबंध येण्यासाठी या मुलीला सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे गावचं स्वयंसेवी फर्स्ट एड स्क्वॉड (रुग्णवाहिका पथक). ईएमटीचं (आणीबाणीत प्राथमिक उपचार करणाऱ्याचं) प्रशिक्षण दोनशे तासांच्या आसपास असतं, आणि स्क्वॉडच्या स्वयंसेवकांसाठी राज्याचा प्रशिक्षण निधी आहे. पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात ते करावं आणि मग दोन वर्षं आठवड्याला एक पाळी. रात्री दोन वाजता पडलेल्या आजीला उचलताना तिच्या नवऱ्याशी काय बोलावं, हे रुग्णालयाच्या स्वागतकक्षात फाइली लावून कळत नाही, आणि मुलाखतीत विचारतात ते नेमकं हेच.

डिसेंबर २०२७ ला थांबून बघायचं. विज्ञानाचा जीपीए ३.६ च्या वर असेल तर ठरल्याप्रमाणे जून २०२९. ३.३ ते ३.६ असेल तर अर्ज एक वर्ष पुढे, चौथ्या वर्षाच्या ग्रेड फाइलमध्ये घेऊन, मधल्या वर्षात पगारी क्लिनिकल काम. मेडिकलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण असं एखादं वर्ष घेतातच, त्याची लाज वाटायचं कारण नाही. अर्जाचा खर्च आत्ताच धरून ठेवावा: एमकॅटचं शुल्क साडेतीनशेच्या घरात, ॲमकॅसला पहिल्या कॉलेजाचे १७५ आणि पुढच्या प्रत्येकाचे साधारण ४६-४७, शिवाय प्रत्येक मेडिकल स्कूलच्या दुय्यम अर्जाचे वेगळे. वीस ठिकाणी अर्ज केला तर तीन-साडेतीन हजार डॉलर सहज जातात. आणि अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यांतच जायला हवा: पडताळणीला गर्दीत सहा आठवडे लागू शकतात, मुलाखतींच्या जागा येतील तशा भरत जातात, आणि ऑगस्टमध्ये पाठवलेली उत्तम फाइलही रांगेच्या शेवटी उभी राहते.